मातीचा जमाखर्च

शेतकऱ्याचे खरे धन त्याच्या कणगीत नसते; ते त्याच्या शेतातील मातीत असते. कणगी रिकामी झाली तर पुढच्या सुगीला ती पुन्हा भरता येते. परंतु शेतातील माती एकदा वाहून गेली, म्हणजे ती परत मिळवण्यास माणसाचे एक आयुष्य पुरत नाही. खडक झिजून त्याची हातभर माती होण्यास हजारो वर्षे लागतात, आणि तीच माती उघड्या उतारावरून थोड्याच पिढ्यांत नाहीशी होऊ शकते. हे धन माणसाने कोठे राखले आणि कोठे गमावले, याचा इतिहास राजांच्या लढायांच्या इतिहासाहून कितीतरी जुना आहे. तो मात्र कोणी लिहून ठेवलेला नाही. कारण त्याचा आरंभ झाला, तेव्हा लेखनकलेचा जन्मही झालेला नव्हता.

हा न लिहिलेला इतिहास वाचण्यासाठी पुरातत्त्वज्ञ आजवर कुदळ आणि फावडे वापरीत आले. अलीकडच्या काळात त्यांच्या हाती आणखी एक साधन आले आहे. ते म्हणजे संगणक. जे गाव हजारो वर्षांपूर्वी ओस पडले, त्या गावची शेते, कुरणे आणि पाऊस यांचा हिशेब संगणक कसा मांडतो, ही गोष्ट मोठी मनोरंजक आहे.

पश्चिम आशियात जॉर्डन नावाचा देश आहे. त्याचा बराच मोठा भाग वाळवंटाने व्यापलेला असला, तरी वायव्येकडील डोंगराळ प्रदेशात हिवाळी पाऊस पडतो व धान्य पिकते. जगातील अगदी पहिल्या शेतकऱ्यांपैकी काही जण याच भागात होऊन गेले. त्यांनी गहू, जव आणि मसूर यांची लागवड केली. रानटी शेळ्यांना माणसाळवले. आणि शिकारीमागे भटकण्याचे सोडून ते गाव वसवून राहू लागले. ही सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीची गोष्ट होय. त्या काळी त्यांना भाजलेली मातीची भांडी करण्याची कला अवगत नव्हती. परंतु चुनखडक भाजून चुना करावा आणि त्याने घराची जमीन गुळगुळीत करावी, हे ज्ञान त्यांच्यापाशी होते.

अशा गावांपैकी ऐन गझाल हे गाव विशेष प्रसिद्ध आहे. जॉर्डनची राजधानी अम्मान हिच्या सीमेवर, झर्का नदीच्या काठी त्याचे अवशेष आहेत. ‘ऐन गझाल’ या अरबी शब्दांचा अर्थ ‘हरिणांचा झरा’ असा होतो. 1970 नंतरच्या दशकात येथे रस्त्याचे काम चालू असताना हे अवशेष उजेडात आले आणि 1982 पासून गॅरी रोलेफसन यांच्या नेतृत्वाखाली पद्धतशीर उत्खनन सुरू झाले. 1983 आणि 1985 या वर्षी तेथे चुन्याच्या पुतळ्यांचे दोन संच सापडले. बोरूंच्या जुड्यांवर चुन्याचा लेप देऊन घडविलेल्या त्या पुतळ्यांचे टपोरे डोळे आजही पाहणाऱ्याला थक्क करतात. भरभराटीच्या काळी या गावाचा विस्तार दहा हेक्टरांहून अधिक होता. त्या युगात एवढे मोठे गाव म्हणजे एक नवलच म्हटले पाहिजे.

पण ही भरभराट कायम राहिली नाही. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी या प्रदेशातील मोठमोठी गावे एकामागून एक ओस पडू लागली. ऐन गझाल त्यानंतरही काही काळ टिकून राहिले. तथापि त्याचे पूर्वीचे वैभव ओसरले. माणसे लहान लहान वाड्यांमध्ये पांगली. काहींनी कळप घेऊन फिरण्याचा मार्ग पत्करला. शत्रूच्या स्वारीने ही सारी गावे धुळीस मिळाली म्हणावे, तर तसा पुरावा मिळत नाही. मग शेकडो वर्षे नांदलेली घरे माणसांनी का सोडली?

रोलेफसन आणि त्यांच्या सहकारी इल्झे क्योलर-रोलेफसन यांनी या प्रश्नाचे एक उत्तर सुचविले. चुना भाजण्यास पुष्कळ लाकूड लागते. घरे बांधण्यास लाकूड, चुलीसाठी लाकूड, चुन्याच्या भट्टीसाठीही लाकूड. अशा रीतीने गावाभोवतालची झाडी विरळ झाली असावी. तोडलेल्या झाडाच्या बुंध्याला जे कोवळे फुटवे आले, ते शेळ्यांनी खाऊन टाकले असावेत. झाडी गेल्यामुळे माती उघडी पडली आणि पावसाने ती धुऊन नेली. या तर्काला उत्खननाचा आधारही होता. जुन्या घरांत खांब रोवण्याचे खळगे मोठे होते. पुढच्या काळातील घरांत ते लहान होत गेले. याचा अर्थ, जाड बुंध्याची झाडे मिळेनाशी झाली असावीत. काही विद्वानांनी मात्र निराळे मत मांडले. त्यांच्या मते पाऊसमान बदलले, हवा कोरडी झाली आणि म्हणून गावे ओस पडली.

कोणाचे खरे मानावे? येथेच पुरातत्त्वज्ञाची अडचण सुरू होते. उत्खननात मिळणारा पुरावा हा तुटक असतो. एका थरात भरलेले गाव दिसते आणि वरच्या थरात मोडकळलेल्या भिंती दिसतात. मधल्या काळात काय घडले, ते दिसत नाही. एखाद्या माणसाचे बालपणीचे आणि वार्धक्यातील अशी दोनच छायाचित्रे पाहून त्याचे चरित्र लिहावयाचे, तसाच हा प्रकार. रसायनशाळेत शास्त्रज्ञ एकच प्रयोग पुन्हा पुन्हा करून पाहू शकतो. एका परीक्षानळीत तो आम्ल घालतो, दुसरीत घालत नाही आणि फरक पाहतो. नऊ हजार वर्षांपूर्वीच्या गावावर असा प्रयोग कसा करणार? एकदा शेळ्यांसह आणि एकदा शेळ्यांवाचून ते गाव पुन्हा वसविणे कोणालाही शक्य नाही.

जे भूमीवर शक्य नाही, ते संगणकात करून पाहावे, असा विचार अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठातील पुरातत्त्वज्ञ मायकेल बार्टन यांनी केला. आयझॅक उल्ला, हेलेना मितासोव्हा आणि इतर सहकारी त्यांच्या कार्यात सामील झाले. कोणी पुरातत्त्वाचा जाणकार होता, तर कोणी भूपृष्ठाच्या गणिताचा. प्रयोगासाठी त्यांनी उत्तर जॉर्डनमधील ‘वादी झिक्लाब’ हे खोरे निवडले. ‘वादी’ म्हणजे ओढ्याची दरी. या दरीचे पाणी पश्चिमेकडे उतरत जाऊन जॉर्डन नदीच्या खोऱ्यात पोहोचते. कॅनडातील टोरोंटो विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ बॅनिंग आणि त्यांचे सहकारी यांनी या दरीत अनेक वर्षे शोध घेतलेला असल्यामुळे, संगणकाचे उत्तर ताडून पाहण्यास तेथे पुरावा उपलब्ध होता.

संगणकात खोरे कसे उतरवितात? प्रथम त्या प्रदेशाच्या नकाशाचे असंख्य लहान लहान चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनाची उंची किती, तेथे मातीची खोली किती आणि तेथे काय उगवले आहे, हे आकड्यांनी नोंदवितात. शेजारच्या चौकोनांच्या उंचीतील फरकावरून उतार कळतो. उतार कळला, म्हणजे पडलेले पाणी कोणत्या चौकोनातून कोणत्या चौकोनात जाईल हेही सांगता येते. अशा रीतीने आकड्यांचे एक डोंगरखोरे तयार होते. या खोऱ्याला त्या प्रदेशाचे ‘प्रतिरूप’ असे म्हणतात.

त्यानंतर या प्रतिरूपावर पाऊस पाडावयाचा. पावसाने किती माती जाईल, हे ठरविण्याचे गणित आधीच तयार होते. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी शेतांच्या लहान पट्ट्यांवरून वाहून जाणारी माती अनेक वर्षे मोजली होती. त्या मोजमापांवरून विशमायर आणि स्मिथ यांनी सिद्ध केलेले सूत्र 1965 मध्ये अमेरिकेच्या कृषिखात्याने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. या सूत्रात प्रामुख्याने पाच गोष्टींचा विचार असतो : पावसाचा जोर, मातीचा चिवटपणा, उताराची लांबी व तीव्रता, जमिनीवरील वनस्पतींचे आच्छादन आणि शेतकऱ्याने धूप थांबविण्यासाठी केलेले उपाय. पण माती उतारावरून सुटते, तशी ती खाली कोठेतरी थांबतेही. पाण्याचा वेग मंदावला, की गाळ खाली बसतो. म्हणून बार्टन यांच्या प्रतिरूपात प्रत्येक चौकोनाचा जमाखर्च मांडलेला असतो. वरून किती माती आली ती जमा, खाली किती गेली तो खर्च.

आता उरला माणूस. प्रतिरूपात एक गाव वसवितात आणि त्यात किती कुटुंबे आहेत, ते ठरवितात. तितक्या माणसांना वर्षाला किती धान्य लागेल आणि त्यांच्या शेळ्यामेंढ्यांना किती चारा लागेल, याचा अंदाज बांधतात. मग दरवर्षी हे गाव शेतासाठी जागा निवडते. गावाजवळची, सपाट आणि चांगल्या मातीची जागा प्रथम. ती पुरली नाही, तर थोडी दूरची. तेथील झाडी तोडली जाते व पेरणी होते. काही जमीन पडीक ठेवली जाते. तीवर आधी गवत, मग झुडपे आणि बऱ्याच वर्षांनी पुन्हा झाडी येते. उतारांवर कळप चरतात. जेथे चराई होते, तेथे झाडी वाढत नाही. वर्ष संपले, म्हणजे संगणक नवे आच्छादन लक्षात घेऊन पाऊस पाडतो, माती हलवितो आणि नकाशा बदलतो. दुसऱ्या वर्षीचे गाव या बदललेल्या नकाशावर शेती करते. असे वर्षामागून वर्ष चालते. माणूस जमीन बदलतो आणि बदललेली जमीन पुन्हा माणसाचे वागणे बदलते, ही गोष्ट या खेळात स्पष्ट दिसते.

ज्या खोऱ्यात माणूसच नाही, तेथेही पाऊस थोडीफार माती वाहून नेतोच. म्हणून माणसांवाचूनचे प्रतिरूपही चालवून पाहतात. दोहोंची तुलना केली, म्हणजे निसर्गाने काय केले आणि माणसाने काय केले, हे वेगळे काढता येते. मग एकेक गोष्ट बदलीत जावयाचे. कधी वस्ती लहान, कधी मोठी. कधी दरवर्षी तीच शेते, कधी फिरती शेती. कधी थोडे कळप, कधी पुष्कळ. रसायनशाळेतील परीक्षानळ्यांचे काम येथे संगणकाने पत्करले.

या प्रयोगांचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील पहिला निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित वाटेल असा होता. चराई म्हणजे नाश, शेळी म्हणजे भूमीची वैरीण, असे सरसकट म्हटले जाते. परंतु वस्ती लहान असताना मातीच्या जमाखर्चात गावाचा तोटा होत नव्हता. उलट लाभच होत होता. कळप वरच्या उतारांवर चरत. तेथील माती सुटे. आणि ती खाली येऊन ओढ्याकाठच्या शेतांत साचे. डोंगराचे नुकसान होई, पण शेताला दरवर्षी नव्या मातीची भर मिळे. ज्या उतारावर पेरणी करावयाचीच नाही, तेथील माती न बोलावता शेतात चालत येई.

दुसरा निष्कर्ष मात्र विचार करावयास लावणारा आहे. गाव वाढत गेले, की एक वेळ अशी येते, की तोच व्यवहार उलटा फिरतो. शेते खालच्या सपाट जमिनीत मावेनाशी होऊन उतारावर चढतात. चराईचा पट्टा पसरतो. माती आता केवळ कुरणातून नव्हे, तर पेरलेल्या जमिनीतूनही जाऊ लागते आणि ती शेतांत न थांबता ओढ्यावाटे निघून जाते. जमेहून खर्च वाढतो. आणि हे गावाच्या आकाराच्या प्रमाणात हळूहळू घडत नाही. एका मर्यादेपर्यंत सारे सुरळीत चालते. ती ओलांडली, की तोटा झपाट्याने वाढतो.

विशेष हे, की ही मर्यादा गावकऱ्यांच्या डोळ्यांना दिसत नाही. एक उदाहरण घेऊ. समजा, एका उतारावरून दरवर्षी अवघी एक मिलिमीटर माती जाते. एवढी जाडी म्हणजे गव्हाच्या दाण्याहूनही कमी. आजोबा तो उतार पंचवीस वर्षे कसतात, तेवढ्यात अडीच सेंटिमीटर माती जाते. मुलगा पंचवीस वर्षे कसतो, आणखी अडीच सेंटिमीटर जाते. नातू नांगरास लागतो, तेव्हा कोठे कोठे खालचा खडक कुदळीला खणखणू लागतो. नातू आजोबांहून आळशी नाही. आजोबांनी शिकविल्याप्रमाणेच तो वेळेवर पेरणी करतो, त्याच वाटेने शेळ्या नेतो, तीच जमीन पडीक टाकतो. बदलली आहे ती एकच गोष्ट : खाणारी तोंडे वाढली आहेत आणि म्हणून शेत व कळप मोठे झाले आहेत. ज्या रीतीने आजोबांचे घर भरले, तीच रीत नातवाचे घर रिकामे करते. यात दोष कोणाचा? कोणी एकाचा नव्हे. प्रत्येकाने पाहिले ते आपल्या आयुष्यापुरते. आणि मातीचा जमाखर्च तर अनेक आयुष्यांचा असतो.

मर्यादा ओलांडल्यावर गावापुढे काही मार्ग उरतात. एक म्हणजे मोठे गाव मोडून लहान लहान वाड्यांत पांगणे. त्यामुळे प्रत्येक ठिकाणचा भार हलका होतो. दुसरा म्हणजे शेती कमी करून कळपांवर अधिक भर देणे आणि ते कळप गावापासून दूर नेणे. संगणकाने दाखविलेले हे मार्ग आणि उत्खननात आढळलेला इतिहास यांत विलक्षण साम्य आहे. मोठी गावे ओस पडल्यानंतरच्या काळात वादी झिक्लाबमध्ये लहान वस्त्या आढळतात. तबकत अल्-बूमा ही त्यांपैकीच एक. काही घरांची ही छोटी शेतवाडी होती. जॉर्डनच्या इतर भागांतही त्या काळी कळप घेऊन फिरणारी माणसे वाढल्याच्या खुणा दिसतात. म्हणजे मोठ्या गावांचा अंत हा नुसता सर्वनाश नसावा; बदललेल्या भूमीवर जगण्याची ती एक नवी रीतही असू शकेल.

मग कोडे सुटले, असे म्हणता येईल काय? तसे म्हणणे घाईचे ठरेल. प्रतिरूप हा पुरावा नव्हे. तो नीट मांडलेला तर्क आहे. त्यात घातलेले आकडे चुकले, तर उत्तरही चुकेल. शिवाय पाऊसमान बदलल्यामुळेही गावांवर संकट आले असेल. कदाचित दोन्ही कारणे एकत्र आली असतील. प्रतिरूपाचा खरा गुण निराळाच आहे. ‘शेळ्यांनी रान खाल्ले आणि गाव बुडाले’ असे वाक्य बोलणे सोपे असते. परंतु किती शेळ्या, किती रान आणि किती वर्षे, हे त्या वाक्यात दडून राहते. संगणकाला मोघम बोलणे समजत नाही. त्याला प्रत्येक गोष्ट आकड्यात सांगावी लागते. आणि म्हणूनच कोणालाही तो आकडा तपासता येतो, बदलता येतो आणि प्रयोग पुन्हा करून पाहता येतो. ज्या विचाराची अशी परीक्षा घेता येते, त्यालाच शास्त्रात मान असतो.

ऐन गझालच्या माणसांना हा जमाखर्च मांडून दाखविणारे कोणी नव्हते. त्यांच्याजवळ नकाशे नव्हते, मागील शंभर वर्षांच्या नोंदी नव्हत्या आणि पुढील शंभर वर्षांचा अंदाज सांगणारे यंत्रही नव्हते. आजच्या शेतकऱ्याला हे सारे मिळू शकते. कोणत्या उतारावर बांध घालावा, कोणते रान चराईसाठी बंद ठेवावे आणि कोठे नांगर मुळीच धरू नये, हे माती जाण्यापूर्वी त्याला कळू शकते. यंत्र मात्र इतकेच करते; ते हिशेब मांडून पुढे ठेवते. तो वाचून वेळीच हात आवरण्याचे काम माणसाचेच आहे. जमिनीचा मालक म्हणवणाऱ्या प्रत्येकाच्या हाती ती पूर्वजांकडून आलेली असते आणि त्याच्यानंतर ती दुसऱ्याच्या हाती जावयाची असते. ती देताना तिच्यात माती किती उरली आहे, यावरूनच त्याच्या शहाणपणाची किंमत ठरेल.

स्वाध्याय

1. ‘शेतकऱ्याचे खरे धन त्याच्या शेतातील मातीत असते’, या विधानाला लेखात कोणते कारण दिले आहे?
2. ऐन गझाल येथील खांबांच्या खळग्यांवरून संशोधकांनी कोणता तर्क केला?
3. माणसांवाचूनचे प्रतिरूप चालवून पाहण्याची आवश्यकता का असते?
4. लहान वस्तीला लाभदायक ठरलेली चराई मोठ्या गावाला हानिकारक का ठरली, ते आपल्या शब्दांत सांगा.
5. ‘प्रतिरूप हा पुरावा नव्हे, तो नीट मांडलेला तर्क आहे’, या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
6. पावसाळ्यात आपल्या परिसरातील एखाद्या उतारावरून वाहणाऱ्या पाण्याचे निरीक्षण करा. माती कोठून सुटते व गाळ कोठे साचतो, याची नोंद दहा ओळींत लिहा.